सात नंबरचे बूट

ही गोष्ट मी फार वर्षं टाळली. टाळली म्हणजे गप्प बसलो असं नाही. मी गप्प बसणारा माणूस नाही, हे माझ्यासोबत नोकरी केलेलं कोणीही सांगेल. ही गोष्ट मी लग्नांत सांगितली, निरोप समारंभांत सांगितली, एकदा तर तेरवीच्या पंगतीत सांगितली आणि ज्यांच्या घरचा माणूस गेला होता तेही तोंडावर रुमाल धरून हसले. पण सांगितली ती खोटी होती. खरी आता लिहितो. अडुसष्ट वय झालं. डॉक्टरनं मीठ बंद केलं, साखर बंद केली. आता खोटं बोलण्यातही पूर्वीसारखी चव राहिली नाही.

जानेफळच्या बाजूच्या एका गावात मी हायस्कूलला भूगोल शिकवायचो. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिली असताना वरून आदेश आला की प्रत्येक शाळेत फुटबॉल खेळवा, मुलींनाही खेळवा. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांनी सगळ्या स्टाफकडे एकदा पाहिलं आणि मला म्हणाले, "सर, पृथ्वीचा गोल तुमच्याच कपाटात असतो. गोल वस्तू सांभाळायची तुम्हाला सवय आहे." स्टाफरूम हसली. माझ्या पोटाकडे पाहून जास्त हसली. मी खेळप्रमुख झालो.

खरेदीला मेहकरला गेलो. बाजारात एक खेळाच्या सामानाचं दुकान होतं, दुकानदार म्हातारे चाचा. मी फुटबॉल हातात घेतला आणि कानाशी धरून बोटानं वाजवून पाहिला. चाचांनी चष्मा वर केला.

"गुरुजी, ये टरबूज नोको समझो. ग्राउंड कोनतं हाय तुमचं?"

"मुरुमाचं."

"आन् कडेनं बाभळी असतीन."

"आहेत."

"मंग हा रबरी घ्या. दिसाले साधा हाय, पन खरचटत नाई, काटा लागला तं पंक्चरवाला बी काढून देते. तो पांढरा शिलाईचा हाय, मुरुमावर आठ दिवसांत सोलून निघते."

रबरी बॉल विटकरी रंगाचा होता. पांढरा चकचकीत होता, टीव्हीत असतो तसा. मी भूगोलाचा पदवीधर, मुरुम म्हणजे काय हे मला चाचांनी शिकवावं हे पटलं नाही. पांढरा घेतला. आठव्या दिवशी तो सोललेल्या सीताफळासारखा दिसायला लागला. मग गुपचूप दुसऱ्या तालुक्यात जाऊन रबरी आणला, कारण चाचांचं तोंड पाहायची हिंमत नव्हती. इथपर्यंत गंमत आहे. इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नाही.

बूट मात्र चाचांकडूनच घ्यावे लागले, कारण त्यांच्याकडे एक जुना लॉट स्वस्तात पडून होता. बारा जोड, सगळे सात नंबर, काळे, निळ्या पट्ट्यांचे, खाली कडक प्लॅस्टिकचे लांब खिळे. माझ्या संघातल्या मुली आठवी-नववीतल्या. कोणाचा पाय तीन नंबर, कोणाचा चार. पाचच्या वर कोणीच नाही.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. पोरांसाठी जे घ्यायचं ते वाढत्या मापाचं. शाळेचा ड्रेस असा शिवायचा की पहिल्या वर्षी त्यात दोघं मावावेत, दुसऱ्या वर्षी एकानं घालावा आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याला द्यावा. बुटांचंही तेच. पुढे राहिलेल्या जागेत कापूस कोंबायचा. कापूस घरोघरी. मी स्वतः दहावीपर्यंत कापसावरच चाललो. त्यामुळे सात नंबर पाहून मला शंका आली नाही, आनंद झाला. तीन वर्षं तरी पाहायला नको.

चाचा म्हणाले, "गुरुजी, हे गवताच्या ग्राउंडचे हायत. खिळे मातीत रुतले तं माणूस उभा राह्यते. मुरुमावर घसरते. आन् पोरींले सात नंबर? पोरींले घेऊन या, पाय मापू. कॅनव्हासचे साधे बूट देतो, पैसे तेच."

"वाढतील की पोरी."

"पाय वाढते गुरुजी. मॅचच्या दिवशी नाई वाढत."

मी हसलो आणि बारा जोड पोत्यात भरले. अकरा मुलींना टेम्पोत घालून मेहकरला न्यायचं, प्रत्येकीचा पाय मापायचा, याचा मला कंटाळा आला होता. शिवाय फोटोत अकरा जणींचे सारखे बूट छान दिसणार होते. एवढंच कारण होतं. पुढं मी याला बरीच कारणं जोडली, पण त्या दिवशी एवढंच होतं.

संघात नववीतली एक मुलगी होती. बाप गिरणीवाला. आम्ही दळण घेऊन जायचो तेव्हा त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असायच्या. मुलगी डाव्या पायानं मारायची आणि मारलेला बॉल जिथं बघायची तिथंच जायचा. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळत होतं. तिचे स्वतःचे कॅनव्हासचे बूट होते, कडेनं फाटलेले, दाभणानं पोत्याच्या सुतळीनं शिवलेले. गिरणीत पोती शिवता शिवता तिनंच शिवले असावेत.

सात नंबर घालून ती चार पावलं चालली आणि थांबली.

"सर, टाच हालते."

"कापूस घाल."

"कापूस पुढं राह्यते सर. टाच मांगं हालते."

"दोन मोजे घाल मग. सगळ्यांनी घातलेत ना? तुलेच काऊन त्रास?"

मी पोरींशी त्यांच्या भाषेत बोलायचो तेव्हा समजायचं की मी चिडलो आहे. तिनं दोन मोजे चढवले. सरावाला मात्र ती सुतळीचेच बूट घालून यायची आणि मी दिसलो की लिंबाच्या झाडामागे जाऊन बदलायची. मी पाहिल्याचं दाखवत नव्हतो. दाखवलं असतं तर बूट चुकले हे मान्य करावं लागलं असतं.

हिवाळ्यात बुलढाण्याला जिल्ह्याची निवड चाचणी होती. निवडलेल्या मुलींना खेळाच्या वसतिगृहात जागा मिळणार, राहणं, शाळा, खेळ सगळं तिथंच. आमच्यातून त्या मुलीला बोलावणं आलं. बापानं गिरणीचा पट्टा चालू ठेवूनच मला ओरडून सांगितलं, "गुरुजी, निवड झाली तं खुशाल पाठवतो. नाई झाली तं हे बंद. घरी दोन लहान्या हायत, मायले हात पाह्यजे." पोरगी दळणाचा डबा धरून शेजारीच उभी होती. म्हणजे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

चाचणीला मी तिला सात नंबरच घालायला लावले. शाळेचं नाव म्हणून. तिनं बुटात कापूस भरला, तोही घाईत, सरकीसकट. सुतळीचे बूट पिशवीत होते, मी ते पाहिले होते.

मैदान आमच्याकडच्यासारखंच, कडक. थोड्या वेळात तिच्याकडे बॉल आला. तिनं दोघींना चकवलं, डावा पाय मागं घेतला आणि मारला. बॉल पाचेक फूट गेला. बूट मात्र वर गेला, चांगला झाडाएवढा, आणि निवड करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर, पोह्यांच्या बशीत पडला. त्यातून निघालेला कापूस हळूहळू खाली येत होता. सगळं मैदान हसलं. साहेब हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

ती एका पायावर लंगडत माझ्याकडे आली.

"सर, माह्ये घालू का? पिशवीत हायत. दोन मिनटं."

साहेब बघत होते. तिनं सुतळीचे बूट घातले असते आणि चांगली खेळली असती, तर शाळेनं दिलेले बूट कसले होते, असं कोणीतरी विचारलं असतं.

"काही गरज नाही," मी म्हणालो. "फीत घट्ट बांध."

तिनं फीत तळव्याखालून दोनदा गुंडाळून बांधली. मग ती पळाली नाही, बैलाच्या गळ्यात लोढणं असावं तशी चालली. घसरली, उठली, पुन्हा घसरली. चाचणी संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. ती पाणी प्यायला तिथंच रांजणाजवळ आली होती.

"सर, पोरीच्या पायात आहे हो काहीतरी. पण हे बूट कोणी दिले तिला?"

मी म्हणालो, "घरून आणले साहेब. बापाचे आहेत. आम्ही सांगतो, पण घरच्यांना समजत नाही."

तिनं पेला रांजणावर ठेवला. माझ्याकडे एकदा पाहिलं. साहेबांनी मान हलवली आणि निवडीसाठी दुसऱ्याच मुलीचं नाव पुकारलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. मी तिला भेळ घेऊन दिली. तिनं घेतली आणि खाल्ली. तिनं ती नाकारली असती तर बरं झालं असतं, मला निदान रागवायला जागा मिळाली असती.

तिनं घरी सांगितलं नाही. हे मला कळलं, कारण आठ दिवसांनी दळण घेऊन गेलो तेव्हा बापच मला म्हणाला, "माफ करा गुरुजी, तुम्ही एवढी मेहनत घेतली, पोरीले बूट बी धड घालता आले नाई." मी म्हणालो, "असू द्या हो, लहान आहे." असं म्हणून दळणाचा डबा खांद्यावर घेतला. पोरीचा फुटबॉल त्या दिवसापासून बंद. दहावीनंतर शिक्षणही बंद.

यानंतर मी जे केलं ते चाचणीपेक्षा वाईट आहे. मी गोष्ट सांगायला लागलो. झाडाएवढा बूट, पोह्यांची बशी, तरंगता कापूस. गोष्टच अशी की न हसेल तो माणूस नाही. आणि प्रत्येक वेळी बूट बापाचे. गिरणीवाल्याचे. पुढं मी त्यात बुटातून पीठही उडवायला लागलो. पिठावर लोक कापसापेक्षा जास्त हसायचे.

मागच्या वर्षी कळलं की ती डोणगावला दिली आहे. एका सकाळी काठी घेतली, एसटीत बसलो आणि गेलो. वाटेत वाक्य तयार केलं. गाडी बदलताना पुन्हा म्हणून पाहिलं. घर सापडलं. ती सोयाबीन पाखडत होती, मला पाहून सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, पाया पडली. सासूला म्हणाली, "आमचे खेळाचे सर."

सासूबाई पुढे सरकल्या. "हेच का बुटाचे सर? आमच्या नणंदेच्या पोरीच्या लग्नात कोनी तरी सांगतलं होतं, पोट दुखेपर्यंत हासलो आमी. सांगा ना सर, तुमच्या तोंडून आयकू द्या."

"राहू द्या," मी म्हणालो.

"सांगा हो. हिले बी लाज नाई वाटत आता. वाटते का वो?"

"नाई," ती म्हणाली. "सांगा सर."

शेजारच्या दोघी येऊन बसल्या. नवरा दारात उभा राहिला. आणि मी सांगितली. नुसती सांगितली असती तर एक वेळ चाललं असतं, मी रंगवून सांगितली. बूट वर गेला तेव्हा हात वर केला, बशीत पडला तेव्हा बशी वाजवली. बापाच्या बुटांपाशी आलो तेव्हा वाटलं, इथं थांबता येईल. थांबलो नाही. पीठही उडवलं. सासूबाईंनी डोळे पुसले. ती हसली, सगळे हसतात तेवढीच, आणि कपबशा उचलून आत गेली.

मला रस्त्यापर्यंत सोडायला तीच आली. एसटी यायला वेळ होता. उन्हात दोघं उभे होतो, बोलायला कोणाची आडकाठी नव्हती.

"सांगता मस्त तुम्ही सर," ती म्हणाली.

"हं. वडील कसे आहेत?"

"बरे हायत. गिरणी बंद केली, दम लागते."

एसटी आली. मी चढलो. ती हात जोडून उभी होती, मीही जोडले. खिडकीतून म्हणालो, "सांभाळ." कंडक्टरनं घंटी दिली.

तिला जे सांगायला गेलो होतो ते असं: बाई, ते बूट तुझ्या बापाचे नव्हते. ते मी आणले होते. तू विचारलंस, मी नाही म्हणालो, आणि नंतर तुझ्यासमोर तुझ्या बापाचं नाव घेतलं. तुला खेळता येत होतं. माझं चुकलं.