बर्फाच्या देशातला मटार

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या स्टाफ बिल्डिंगमागे, भिंतीलगत चारेक फूट रुंद रेतीचा पट्टा होता. तिथे भाजी पिकवायचं खूळ दादांचं. ते आमच्याच बांधकाम कंपनीत एचआरमध्ये, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, मूळचे चिपळूणकडचे. तळमजल्यावर आमची दारं समोरासमोर. मी साइट इंजिनिअर. बायको आणि सहा वर्षांची मुलगी माझ्या व्हिसावर.

उन्हाळ्यात त्या पट्ट्यात गवतसुद्धा जगत नसे. ऑक्टोबर सरत आला, सकाळी जरा गार वाटू लागलं की आमची पेरणी. २००८ साली दादांनी मटारच्या बियांचं एक परदेशी पाकीट आणलं. त्यावर लिहिलं होतं, वसंताच्या सुरुवातीला, बर्फ वितळला की पेरा.

दादा हसले. "आपल्याकडे बर्फ फक्त फ्रीजमध्ये. पण आपला वसंत हाच, बरं का. मार्चनंतर सगळं खलास."

रेतीत आम्ही नर्सरीतली माती आणि लेंडीखत कालवलं. वेल चढायला साइटवरची टाकाऊ जाळी उभी केली. मुलीने बोटाने भोकं पाडून एकेक दाणा आत सोडला.

त्याच आठवड्यात मला अबुधाबीहून ऑफर आली होती. सरकारी हॉस्पिटलचं काम, पगार इथल्याइतकाच. आम्ही बांधत होतो त्या टॉवरवर नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली होती, पुढचे दोन प्रोजेक्ट थांबले होते. पाणी घालता घालता मी दादांना विचारलं, "खरं सांगा, माझी नोकरी टिकेल ना? नाहीतर मी जातो तिकडे."

"वेडा आहेस का?" त्यांनी पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून वाफ्यावर बारीक धार सोडली. "मी एचआरमध्ये बसलोय ना? तुझं नाव कुठेच नाही. हा मटार खा, मग बघू."

दुसऱ्या दिवशी मी अबुधाबीला नकार कळवला.

जानेवारीत वेलांना पांढरी फुलं आली, शेंगा धरल्या. आणि एका सकाळी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलापलीकडे दादाच होते. त्यांनी मला आडनावाने हाक मारली, कामावरून कमी केल्याचं इंग्रजी पत्र वाचून दाखवलं आणि सही कुठे करायची ते पेनाने दाखवलं. मी सही केली.

संध्याकाळी ते वाफ्यापाशी आले.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"ऑक्टोबरपासून."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा?"

"डिसेंबरात टॉवर हँडओव्हर करायचा होता. इंजिनिअर आधीच निघून गेले असते तर काम अडलं असतं. कोणालाही हलू द्यायचं नाही, असं वरून सांगितलं होतं."

"गप्प बसला असतात तरी मी समजून घेतलं असतं. तुम्ही मला थांबवलंत, दादा."

"मलाही दोन मुलं आहेत रे," ते म्हणाले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ऐकत होती. तिने खिडकी लावून घेतली. ती दोन मुलं आठवड्यातून तीनदा आमच्याकडे जेवायची.

मी अबुधाबीला पुन्हा फोन केला. तिकडेही भरती बंद झाली होती. महिन्याभरात गाशा गुंडाळायचा होता. बायकोने शेंगांना हात लावायचा नाही असं बजावलं. तरी मुलीने एक सोलून तोंडात टाकली. "दे आर सो स्वीट, पप्पा!" तिने मलाही दाणे दिले. खरोखरच गोड होते. त्या गोडीने माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादांना आतलं सगळं माहीत असताना रोज संध्याकाळी माझ्याशेजारी उकिडवं बसून त्यांनी हा मटार मन लावून वाढवला होता.

दोन वर्षांनी मला अबुधाबीतच दुसरीकडे काम मिळालं. तिथे एकदा दुपारी दादांचा फोन आला. त्यांनाही काढलं होतं.

"तुझ्याकडे काही असेल तर बघ ना," ते म्हणाले.

आमच्या ऑफिसात एचआरची एक जागा खरंच रिकामी होती. मी म्हणालो, "बघतो. इन्शाल्ला."

आखातात तो शब्द कधी होकार असतो, कधी सभ्य नकार; वीस वर्षं तिथे काढलेल्या माणसाला तो कोणत्या सुरात आला ते कळतं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बरं केलंत. तिने विचारलं, "आवाज कसा होता त्यांचा?"

"दमलेला," मी म्हणालो.

ती जागा पुढच्या महिन्यात भरली गेली.