पाच कार्बाइन आणि बबनभाऊंचा दगड

“सब मिला दो,” कर्नलसाहेब म्हणाले.

समोरच्या टेबलावर आमच्या पाच कार्बाइन उघडून ठेवल्या होत्या. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. गाडीतून उडी मारताना किंवा जिन्यात वळताना लांब रायफल अडते, तिथे जवानाला ही लागते. लष्करातर्फे ट्रायल घेणाऱ्या दोन हवालदारांनी पाचही बॅरल, म्हणजे नळ्या, एका ट्रेमध्ये ठेवल्या, नळी मागून बंद करणारे पाचही बोल्ट दुसऱ्यात, ट्रिगरचे भाग तिसऱ्यात. बोल्टवर आम्ही रंगाचे ठिपके दिले होते, कुठला कुणाचा ते कळावं म्हणून. ते त्यांनी रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकले. मग ट्रे चांगले हलवले.

या टेस्टचं नाव इंटरचेंजेबिलिटी. आम्ही आपसात अदलाबदल म्हणायचो. एका हत्याराचा भाग दुसऱ्यात कुठलीही घासाघीस न करता बसला पाहिजे आणि चालला पाहिजे, इतकंच. आघाडीवर एकाचा बोल्ट तुटला तर शेजारच्या बंद पडलेल्या हत्याराचा काढून लावतात. तिथे फिटर नसतो.

मी गेल्या वर्षी रिटायर झाले. त्याआधी वराळ्याच्या एका खासगी कारखान्यात डिझाइन विभाग सांभाळायचे. कारखाना मूळचा गिअर बनवणारा. मालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, हौसेने डिफेन्स सेक्शन काढला आणि आठ वर्षं चालवला. ट्रायलच्या आधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, “पास झालो तर उत्पादनाची लाइन टाकू. नापास झालो तर सेक्शन बंद. मला आता दम नाही.” धूळ, चिखल, पाणी, उंचावरून टाकणं, सगळं पार पडलं होतं. ही शेवटची टेस्ट राहिली होती.

हवालदारांनी हाताला येतील तसे भाग उचलून पाच कार्बाइन पुन्हा जोडल्या. मग गेज आले.

थोडं समजावून सांगते. काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये बसतं. बोल्ट त्याच्या बुडाशी येतो आणि वळून आपल्या दातांनी कुलूप लागल्यासारखा अडकतो. तेव्हा काडतुसाला आत जी जागा मिळते तिला हेडस्पेस म्हणतात. जागा कमी पडली तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त झाली तर गोळी सुटताना काडतुसाचं पितळ फाटतं आणि तापलेला गॅस जवानाच्या तोंडावर येतो. तपासायला काडतुसाच्या आकाराचे दोन गेज असतात. ‘गो’ आत असताना बोल्ट बंद झालाच पाहिजे. ‘नो-गो’ आत असताना होता कामा नये.

पहिली कार्बाइन. ‘गो’वर बोल्ट बंद होईना. दुसरी ठीक. तिसरीचा बोल्ट ‘गो’वर बंद झाला आणि ‘नो-गो’वरही सहज बंद झाला. चौथी बंद होईना. पाचवी ठीक.

“सर, आमचा फिटर बाहेरच आहे. दहा मिनिटं दिलीत तर...” मी बोलून गेले.

कर्नलसाहेबांनी चष्मा काढला. “मॅडम, हर पलटन के साथ फिटर भेजेंगे आप?”

ते रागावले नव्हते. हत्यार हातात छान बसतं, असंही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी फॉर्मवर दोन ओळी लिहिल्या आणि पुढच्या कंपनीला आत बोलावलं.

आता बबनभाऊंबद्दल सांगायला हवं.

बबनभाऊ आमचे फिटर. राहणारे कार्ल्याचे, डोंगराखाली दोन खाचरं भात, आणि तीस वर्षं कंपनीच्या बसने कामाला येणारा माणूस. मोजून बोलायचे, पण बोटांना डोळे असावेत तसं काम. आम्ही पहिली कार्बाइन जोडली तेव्हा तिचा बोल्ट बंद होत नव्हता. सगळे भाग मोजले. सगळे ड्रॉइंगप्रमाणे बरोबर. भाग बरोबर आणि जोडणी चूक, याचा अर्थ एकच होतो. ड्रॉइंग चूक.

प्रत्येक भागाला थोडं कमी-जास्त चालतं, त्याला टॉलरन्स म्हणतात. चार भागांचं ‘थोडं जास्त’ एकत्र आलं की बोल्टला जागाच उरत नाही. शाळेतली बेरीज आहे ही. ती मी चुकले होते, आणि त्याच दुपारी मला ते कळलं होतं.

दुरुस्त करायचं तर नवं ड्रॉइंग, नवे भाग, पुन्हा भट्टीत घालून कडक करणं. दीड महिना. आणि चार दिवसांवर पाहुण्या अधिकाऱ्यांसमोर प्रात्यक्षिक होतं.

“बबनभाऊ, बघता का जरा, बसतंय का?” मी म्हणाले.

“दाकवा की.” त्यांनी बोल्टच्या दातांना निळा रंग लावला, बंद करून उघडला, कुठे घासतंय ते उजेडात पाहिलं. “जरासा घट हाय मॅडम. दोन हात मारतो, बसंल.”

कडक केलेल्या पोलादावर कानस चालत नाही, घसरते. त्याला ऑइलस्टोन लागतो, तेलाचा दगड. बबनभाऊंचा दगड झिजून मधोमध खोलगट झाला होता. फडक्यात गुंडाळून ते तो डब्याच्या पिशवीत ठेवायचे. चहाच्या सुट्टीआधी त्यांनी बोल्ट बसवला. असा बसला की बंद होताना आवाजही गोड यायचा. सरांनी पेढे वाटले.

दुसरी कार्बाइन जोडताना मी पुन्हा त्यांनाच हाक मारली. तिसरीपासून हाक मारावी लागली नाही. भाग त्यांच्या बाकावर जायचे आणि हत्यार होऊन परत यायचे. आमचं इन्स्पेक्शन भाग बाकावर जायच्या आधी व्हायचं. आधी मोजायचं, नंतर घासायचं. त्यामुळे रिपोर्ट कायम स्वच्छ. कुठलाही बोल्ट फक्त त्याच्याच बॅरलला चालतो, हे रिपोर्टात कुठेच दिसत नव्हतं. तिसरी कार्बाइन ‘नो-गो’वर बंद झाली ती त्यामुळेच. तिच्यात लागलेला बोल्ट बबनभाऊंनी एका घट्ट बॅरलसाठी जास्त घासला होता, तो सैल बॅरलमध्ये गेला.

अदलाबदलीची टेस्ट यादीत पहिल्यापासून होती. मी ती वाचली होती. तीनदा ड्रॉइंगच्या रिव्हिजनचा कागद काढला आणि तीनदा ‘हे प्रात्यक्षिक होऊ दे’ म्हणून आत ठेवला. आठ वर्षांत दीड महिना मिळाला नाही, असं म्हणायची मला लाज वाटते. मिळाला नाही कसला, मी मागितलाच नाही.

ट्रायल संपवून मी बाहेर आले तेव्हा बबनभाऊ गेटबाहेर गाडीत बसले होते. मांडीवर डब्याची पिशवी.

“काय झालं?”

“नापास.”

“कशात? आपल्या तर लोण्यावानी चालत्यात.”

“बोल्ट बदलले त्यांनी. ह्याचा त्याला लावला.”

“आवो, मंग कसं चालंल? ह्याचा त्याला कसा बसंल?”

मी खिडकीबाहेर बघत बसले. देहूरोड गेलं, तळेगावचा फाटा आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी अहवाल मागितला. “कारण काय लिहायचं?”

“ड्रॉइंगमधला टॉलरन्स, सर.”

“म्हणजे आठ वर्षं चुकीच्या ड्रॉइंगवर काम केलं असं लिहायचं? गिअरचीसुद्धा गिऱ्हाइकं हेच विचारतील उद्या.” त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. “फिटर भाग घासत होता की नाही?”

“होता. पण...”

“परवानगीचा कागद आहे?”

कागद कुठून असणार? मी तोंडी म्हणाले होते, बघता का जरा.

अहवालात कारण लिहिलं गेलं: शॉप फ्लोअरवर विनापरवाना हँड फिटिंग. खाली डिझाइनप्रमुख म्हणून माझी सही. वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि वाक्य धादांत खोटं होतं. सही मी एका झटक्यात केली. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

सेक्शन बंद झाला. माणसं गिअरच्या लाइनवर गेली, काही सोडून गेली. पाच कार्बाइन राहिल्या. असं हत्यार ठेवून घेता येत नाही, लायसन्सच्या रजिस्टरवर प्रत्येकीची नोंद असते. साक्षीदारांसमोर गॅस कटरने तुकडे करायचे आणि तसा पंचनामा करायचा. नोंदीसाठी मात्र पाच पूर्ण जोडलेली हत्यारं लागतात, सुट्या भागांचं गाठोडं चालत नाही. आमच्याकडे ट्रायलवरून गाठोडंच परत आलं होतं. बोल्टवर ना नंबर, ना रंग.

मी बबनभाऊंना निरोप धाडला, पाचही बसवून द्या. कशासाठी, ते सांगितलं नाही.

ते आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले. पाच बोल्ट कापडावर मांडले. एकेक उचलून दातांवरून अंगठा फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे.

“ह्यो तीन नंबरचा. उजवीकडनं जास्त घेतलाय ह्याला.”

“कसं कळतं?”

“माजाच हात हाय न्हवं.”

अर्ध्या तासात पाचही उभ्या. मग त्यांनी स्वतः गेज मागून घेतले. ‘गो’वर बंद. ‘नो-गो’वर नाही. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एकही चुकली नाही. तोच गोड आवाज पाच वेळा आला.

बबनभाऊंनी हात पुसले. चेहरा उजळला होता. “बगा मॅडम. आता बोलवा की त्या सायबाला.”

दाराशी गॅसचे सिलिंडर आणून ठेवलेले त्यांनी तेव्हा पाहिले. पंच म्हणून बोलावलेली दोन माणसंही आली होती. बबनभाऊंना समजायला फार वेळ लागला नाही.

“कापायच्यात व्हय?”

“हो.”

त्यांनी बाकावर हात टेकले. मग हळू आवाजात म्हणाले, “खाली लोकं म्हणत्यात, माज्या दगडापायी काम गेलं. कागदावर बी तसंच लिवलंय म्हणं. खरं हाय का?”

त्यांच्याशी मी तेव्हा पहिल्यांदा खरं बोलले. “नाही, भाऊ. माझं ड्रॉइंग चुकलं होतं. पहिली कार्बाइन बसेना, त्याच दिवशी मला कळलं होतं.”

“पैल्याच दिशी?”

“हो.”

मला वाटलं, चिडतील. त्यांनी नुसती मान हलवली. “मंग तवाच सांगायचं व्हतं. मी दगड खाली ठिवला आसता.”

कटर पेटला. पंचांपैकी एकाने नंबर वाचला, दुसऱ्याने लिहून घेतला. प्रत्येक कार्बाइनचे तीन तुकडे झाले, पंधरा तुकडे मोजून पोत्यात भरले. बबनभाऊ शेवटपर्यंत थांबले. जाताना त्यांनी दगड फडक्यात गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. वर्षभराने ते रिटायर झाले, त्या कार्यक्रमाला मी आजारी असल्याचं कळवलं.

कधीतरी इंजिनिअरिंगची मुलं अनुभव विचारायला येतात. त्यांना मी एवढंच सांगते, की भाग बसत नसेल तर फिटरला हाक मारायच्या आधी ड्रॉइंग उघडा. मुलं ते वहीत लिहून घेतात. तो अहवाल अजून कंपनीच्या फाइलमध्ये आहे. त्यात कारण म्हणून बबनभाऊंचा दगड आहे, आणि खाली सही माझी.