विहिरीतल्या दगडाची पाठवणी

मी निघाले तो घोडेगावच्या बाजाराचा दिवस होता. नगर रस्त्यावर म्हशींनी भरलेल्या टेम्पोंची रांग लागलेली, आणि माझे वडील, अण्णा, माझ्या दोन बॅगा पायांत धरून स्टँडवर उभे. आईनं घरून डब्यात आणलेलं दही हातावर ठेवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि एसटी दिसताच तोंड फिरवलं. अण्णा मात्र शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, "दगडंच बघायची तर एवढ्या लांब कशाला जायचं बाई? हितं काय कमी हायेत का?"

खरंच कमी नव्हते. आमचं रान म्हणजे वर हातभर काळी माती आणि खाली सगळा खडक. तो खडक कसा तयार झाला, हे शिकायला मी जर्मनीत आले. तुमच्यातले जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक आहे, सुरुवातीला माणूस इथल्या प्रत्येक गोष्टीची घरच्याशी तुलना करत बसतं. ब्रेड, ऊन, शेजारी, सगळ्याची. मला तर पगारच दगडांची तुलना करायचा मिळत होता.

पृथ्वीच्या पोटात लाव्हाची कढई उकळतेय, असं अण्णांना वाटायचं. फोनवर विचारायचे, "खाली आग हाय म्हनतीस, मग हीर खांदली की पानी गार कसं लागतं?" मी सांगायचे, अहो अण्णा, खालचा खडकही घट्टच असतो. तो हळूहळू वर सरकतो, त्याच्यावरचा दाब कमी होतो, तेव्हा कुठं त्यातला थोडासा भाग वितळतो. ज्या मूलद्रव्यांना तिथल्या स्फटिकांत नीट जागा मिळत नाही, ती सगळ्यांत आधी त्या रसात उतरतात आणि वर निघून येतात.

"म्हंजे तुज्यासारकी," अण्णा म्हणाले. मला राग आला, पण उदाहरण चुकलेलं नव्हतं.

माझं काम शिशाचं. आमच्याकडच्या काळ्या दगडात शिसं नावापुरतं असतं. पण ते कोणत्या प्रकारचं आहे हे मोजलं, की मूळ रस कसल्या खडकातून निघाला आणि वर येताना त्यात काय मिसळलं याचा माग लागतो. लॅबमध्ये शिरताना अंगठी, बांगडी, टिकली सगळं बाहेर काढून ठेवायचं. बाहेरच्या धुळीचा कणसुद्धा आत चालत नाही.

त्याच सुमारास आमच्या रानात नवी विहीर खोदली आणि तळाशी लाव्हाचा एक जुना थर उघडा पडला. वरच्या सगळ्या थरांचे नमुने माझ्याकडे होते, हाच तेवढा कुठं सापडत नव्हता. त्याच्याशिवाय माझा प्रबंध अर्धवट राहत होता. शिवाय तो आमच्या रानातला! मी अण्णांना म्हटलं, ताजा काळा तुकडा बघा आणि स्वच्छ करून पाठवा. दगड आला. चकचकीत होता.

मोजला तर शिसं इतकं, की माझ्या गाईड बाईंनी विचारलं, "तुमच्या शेताशेजारी बॅटरीचा कारखाना आहे का?" कारखाना आहे, पण तो साखरेचा! बाई म्हणाल्या, हा नमुना काढून टाक. माझ्या अंगाची नुसती आग झाली. बाहेर येऊन घरी फोन लावला.

"अण्णा, दगडाला काय लावलं होतं?"

"काय न्हाई. साबनानं धुऊन धाडला की!"

"आणि धुवायच्या आधी?"

"थांब, तुज्या आईला इचार." मग आईनंच फोन घेतला. "अगं, तेल-शेंदूर लावला, नारळ फोडला. रानातलं लेकरू परदेशी चाललं, तसंच कसं धाडायचं? तुला न्हवतं का कुंकू लावलं?"

अगं आई गं! शेंदूर म्हणजे शिशाचीच भुकटी. ती तेलाबरोबर दगडाच्या बारीक भेगांत शिरली होती, साबणाला काय दाद देणार? मी आधी पोट धरून हसले, मग मात्र चांगलीच तडकले. पूजा नको, धुणं नको, नुसता हातसुद्धा लावायचा नाही, विहिरीच्या ढिगातला दुसरा तुकडा पिशवीत टाका आणि पाठवा.

दुसरा दगड आला. त्याची पूड केली, ॲसिडमध्ये विरघळवली, आकडे जिथं बसायला हवे होते तिथंच बसले. माझ्या प्रबंधातल्या नकाशावर आता आमच्या रानाचा एक ठिपका आहे. आनंदानं फोन केला तर अण्णा म्हणाले, "येनारच की बरोबर! ह्या टायमाला लई जपलं. प्लाष्टिकची पिशवी हातात घालून उचलला. हात बी लावला न्हाई बघ."

केवढ्या अभिमानानं सांगत होते. फोन ठेवला आणि रडले.

बिघडलेल्या नमुन्याचा उरलेला तुकडा माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे. घर कुठं, असं कुणी विचारलं की हल्ली माझी नजर आधी तिकडं जाते. पुढच्या महिन्यात गावी चाललेय. परत येताना विहिरीवरचा एक दगड आणायचाय, तपासायला नको, असाच. अण्णांना सांगून ठेवलंय, तुमच्या उघड्या हातानं उचलून द्या.