खाली नाव नसलेली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वडिलांना नाही, चळवळीतल्या मित्रांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. सरळ सांगता येईल का? बघतो.

मी पत्रकांत वाढलो. हर्सूलच्या आमच्या खोलीत वडील पत्रकं लिहायचे आणि कोऱ्या कागदावर आधी तळाशी स्वतःचं नाव टाकायचे, मग वर मजकूर. म्हणायचे, "खाली नाव नसलं तर ते पत्रक नाय, शिवी हाय." पुढं मीही लिहू लागलो — शिक्षण आपल्या भाषेत पाहिजे, फुकट पाहिजे, सगळ्यांना पाहिजे. गुलमंडीच्या बाजारात उभा राहून ती पत्रकं वाटली.

प्रज्ञा आमच्या अभ्यासिकेतली. मूळची फर्दापूरची, तिथं तिच्या वडिलांचं चहाचं दुकान. मला दादा म्हणायची. एका उन्हाळ्यात तिनं प्रोग्रॅमिंगच्या नोट्स मराठीत लिहून इंटरनेटवर मोफत टाकल्या. नुसत्या वाचायच्या नाहीत — पानावरच चौकट, तिच्यातला आकडा बदलायचा, बटण दाबायचं, उत्तर तिथंच खाली. आणि भाषा घरातली: "आता पाचाच्या जागी शून्य टाका. बघा कसं रुसून बसतंय."

लोक खाली लिहू लागले. "ताई, पहिल्यांदा डोक्यात शिरलं." एकानं लिहिलं, "बाकीचे नुसते भाषणं ठोकतात, हिनं करून दाखवलं."

नुसते भाषणं ठोकणारे — म्हणजे कोण? मीच ना? मी इतकी वर्षं जे मागत होतो ते तिनं न ओरडता करून टाकलं होतं. त्यात माझं काय गेलं? काहीच नाही. तरी —

तरी भर दुपारी, अभ्यासिकेत, तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलेलो असताना मी खोट्या नावानं खातं उघडलं आणि लिहिलं: "आधी मराठी शिका, मग शिकवा. फुकट आहे म्हणून काय गावठी माल खपवायचा?"

गावठी. हा शब्द माझ्या आईला ज्यांनी ऐकवला त्यांच्याविरुद्ध मी पत्रक काढलेलं आहे.

त्या ओळीखाली टोळी जमली. कुणी तिच्या वाक्यांची नक्कल केली. कुणी तिचं आडनाव वाचून लिहिलं, "कोट्यातलं कोडिंग." ते मी लिहिलं नव्हतं — पण दार कुणी उघडून दिलं?

प्रज्ञानं फोन माझ्यासमोर धरला. "दादा, खरं सांग, लई गावठी वाटतंय का रे?"

मी म्हणालो, "सोड गं. स्वतःचं नाव टाकायची हिंमत नाही त्यांच्यात."

हे मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

आणि त्याहून वाईट — तिच्या बाजूनं मी एक जळजळीत पोस्ट लिहिली, या वेळी स्वतःच्या नावानं. माझीच ओळ वर चिकटवून त्या ओळीच्या चिंधड्या केल्या. वाहवा झाली. ज्यांनी ती ओळ पाहिली नव्हती त्यांनीही ती माझ्या पोस्टमध्ये वाचली. फर्दापूरच्या दुकानात कुणीतरी ती ओळ प्रज्ञाच्या वडिलांना मोबाइलवर वाचून दाखवली. प्रज्ञानं माझे आभार मानले. चौथ्या दिवशी सगळ्या नोट्स काढून टाकल्या. "शुद्ध भाषेत पुन्हा लिहीन," म्हणाली. लिहिल्या नाहीत.

आता ती पुण्यात नोकरी करते. कामाचे मेल असोत की फोन, सगळं तोलूनमापून. 'रुसून बसतंय' असलं काही तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. अजूनही कुणाशी माझी ओळख करून देताना म्हणते, "तेव्हा एकटा दादा माझ्या बाजूनं उभा होता." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

पुढंही मी पत्रकं लिहिली. प्रत्येकावर नाव टाकलं, ठळक टाकलं. त्या एका ओळीवर सोडून.

आज कागद पुढ्यात घेतला तेव्हा आधी तळाशी नाव लिहिलं, मग हे वरचं. पहिली प्रत प्रज्ञाला जाईल, दुसरी वडिलांना. ती ओळ मी लिहिली होती.

— सुमेध, हर्सूल