तिची कोरी पानं

अध्यापिका विद्यालयातून बाहेर पडल्यावर आम्ही पाच मैत्रिणींनी पोस्टानं फिरणारी एक वही सुरू केली. प्रत्येकीनं चार पानं लिहून ती पुढचीला पाठवायची. दुष्काळाच्या वर्षी तिसगावच्या मैत्रिणीनं खडी फोडायला जाणाऱ्या आपल्या आईबद्दल लिहिलं, अगदी आईच्याच बोलीत. मी त्यातल्या 'हुतं', 'न्हाई'खाली लाल शाईनं रेघा मारल्या आणि समासात लिहिलं, 'या बाईंना शुद्धलेखन कोण शिकवणार?' बाकीच्यांनीही थट्टेची भर घातली.

पुढच्या फेरीत तिची पानं कोरी आली. मी वहीतच, सगळ्यांसमोर माफी मागितली. तरी पानं कोरीच. शेवटी एका रविवारी राहात्याहून एसटीनं तिच्या घरी गेले. "लई लांबून आली पोर," म्हणत तिच्या आईनं भाकरी वाढली.

"माझं चुकलं गं," मी मैत्रिणीला म्हणाले.

"राग केव्हाच गेला," ती म्हणाली. "पण लिहायला बसलं, की आधी तुझ्या रेघाच दिसतात."

मला रडू आलं, तेव्हा तिनंच माझे डोळे पुसले. स्टँडवर सोडायलाही आली. वही पुढं दोन वर्षं फिरली. तिनं एक ओळही लिहिली नाही.