रविवारचं पाणी

कार्शी शहरातल्या एका प्रसूतिगृहाचं अंगण एकतीस वर्षं मामारायिमच्या हातात होतं. पहाटे पाचला तो फाटक उघडायचा, रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा आणि फाटकापासून पायऱ्यांपर्यंतच्या वाटेवर पाणी शिंपडायचा. मग झाडू. बाळं याच वाटेने आपल्या घरी जातात. पहिल्यांदा बाहेर पडलेल्या जिवाच्या नाकात धूळ जाता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं. नळी तो आभाळाकडे उंच धरायचा, म्हणजे थेंब बारीक होऊन खाली येत. वरच्या खिडकीतून नर्सबाया ओरडायच्या, "मामारायिम-अका, छत्र्या आणू का?" अका म्हणजे दादा.

पेन्शनला दोन वर्षं राहिली असताना पाटाचं पाणी बंद झालं. तोवर आठवड्यातून दोनदा पाट फोडून तो सगळं आवार तळ्यासारखं भरायचा. आता ताश्कंदहून मुहय्यो नावाची इंजिनियर आली. तिशीची, बोलायला चटपटीत. तिने जमिनीत नळ्या पुरल्या. पाणी आलं की मुंडकी वर काढायची, फवारायचं आणि परत जमिनीत शिरायचं, अशा तोट्या बसवल्या. भिंतीवर कुलुपाची एक पेटी लावली. शेवटी दोन ट्रक भरून गवत आलं, तेही गुंडाळलेलं.

"गालिचे आणलेस की काय पोरी?" मामारायिमने विचारलं.

"गालिचेच समजा, अमाकी." ती त्याला काका म्हणायची ते असं.

"मग नवरोजच्या साफसफाईला उचलून झटकायचे पण असतील."

फाटकाच्या खांबावर तिने बटणाएवढी पांढरी वस्तू ठोकली. हे पाऊस ओळखतं, म्हणाली. पाऊस पडला की पेटीला कळवतं आणि त्या दिवशी पाणी सुटत नाही.

"कार्शीत? जुलैत?" मामारायिम म्हणाला. "इथं उन्हाळाभर थेंब पडत नाही. म्हणजे याला बसल्या जागी पगार."

मोठे डॉक्टर सुवोनोव्ह यांनी दोघांना समोर बसवलं. "एक सप्टेंबरला मी स्वतः पाहणी करणार. तोवर हिरवळीला या यंत्राशिवाय थेंबभरही पाणी घालायचं नाही, नाहीतर खरं-खोटं कळणार कसं? गवत मेलं तर दोष शोधीन. यंत्राचा निघाला तर यंत्र उपटीन. माळ्याचा निघाला तर माळी बदलीन."

पहिले पंधरा दिवस मुहय्योने स्वतः उभं राहून दिवसातून दोनदा हाताने पाणी सोडलं. गवताने मूळ धरलं. मग तिने पेटीत सकाळी सहाची वेळ लावली आणि ती ताश्कंदला गेली.

आठवड्यात गवत पिवळं पडायला लागलं.

मामारायिमने पाळत ठेवली. शिंपडून, झाडून झालं की तो सहाच्या आत पायरीवर येऊन बसायचा. सहा वाजायचे, सव्वासहा व्हायचे. एक तोटी डोकं वर काढील तर शपथ. सोमवार ते शनिवार हेच. रविवार त्याच्या सुट्टीचा. सोमवारी फाटकावरचा राखणदार पंजी म्हणाला, "काल काय कारंजी उडाली, वा!"

"काल? तू बघितलंस?"

"बघितलं? टोपी भिजली माझी."

पुढच्या रविवारीही तेच. मामारायिमच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. मी असलो की बंद, मी नसलो की चालू. यात नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. त्या इंजिनियर मुलीने पेटीला तसं शिकवलं असणार. गवत मरायचं, दोष माळ्यावर यायचा आणि अंगणाचं काम तिच्या कंपनीच्या घशात जायचं.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "नोर्कुलची आई, बारा पियोल्या काढ."

"पाहुणे येणारेत?"

"चोर पकडायचाय."

"चहा पाजून?" असं म्हणत तिने चहाच्या बारा वाट्या काढल्या, पण रोजच्या वापरातल्या. निळ्या नक्षीच्या मागितल्या असत्या तरी मिळाल्या नसत्या.

गवतात ठरावीक अंतरावर त्याने त्या मांडल्या. सहा दिवस सगळ्या कोरड्या. रविवारी पंजीला बघायला सांगितलं. बाराही वाट्यांत पाणी. आता हातात पुरावा होता. त्याने ताश्कंदला फोन लावला.

"तुझी पेटी माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. का ते सांग."

"माझ्या फोनवर फक्त चालू-बंद दिसतं अमाकी, आणि मलाही तेच दिसतंय. तुमच्या कामाच्या दिवशी बंद, तुमच्या सुट्टीला चालू. आता मी संशय कुणाचा घेऊ?"

"मला चोर म्हणतेस?"

"मी कुठं काय म्हटलं? मुख्य नळ कुठं आहे, ते तुम्हाला माहीत आहे, एवढंच."

मामारायिमने फोन ठेवला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. एकतीस वर्षांत त्या आवारातली एक जर्दाळूसुद्धा त्याने विचारल्याशिवाय घरी नेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, कुणाला न कळवता, मुहय्यो पहाटेच्या गाडीने कार्शीत उतरली. समोरच्या नानवाल्याच्या भट्टीआड उभी राहून तिने फाटकावर नजर ठेवली. पाचला म्हातारा आला. मुख्य नळाकडे फिरकला नाही. त्याने रबरी नळी उचलली आणि अंगठा दाबला. हा हिरवळीवर तर मारत नाही ना, म्हणून ती रस्ता ओलांडून आत शिरली आणि नखशिखांत भिजली.

"अमाकी! काय करताय हे?"

"वाट शिंपडतोय. तू चोरासारखी आत का शिरतेस?"

ती उत्तर देणार होती, पण तिची नजर खांबाकडे गेली. पांढऱ्या बटणावरून पाणी निथळत होतं. ती धावत पेटीशी गेली, कुलूप काढलं. काचेत एक छोटा ढग दिसत होता.

"हे कसलं चित्र?"

"पाऊस पडलाय."

"कुठं?"

"इथं. या पेटीच्या हिशेबी कार्शीत रोज पहाटे पाऊस पडतो. रविवार सोडून." ती ओल्या केसांनी पायरीवर बसली आणि हसत सुटली. "ते बटण ऊन तापलं की वाळतं, म्हणून दिवसा कुणाला काही दिसलं नाही. महिनाभर मी तुमच्यावर जळतेय!"

मामारायिमला हसू आलं नाही. "म्हणजे गवत मीच मारलं?"

"तुम्ही शिंपडता हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. मी ताश्कंदची ना. तिथं आता फ्लॅटमध्ये कोण वाट शिंपडतं! तासभर उशिरा शिंपडाल का?"

"सहाला लोक यायला लागतात. माणसांच्या अंगावर पाणी मारू?"

तिने वाद घातला नाही. बटण काढून स्वयंपाकघराच्या छपरावर, दोन पुरुष उंच दांड्यावर बसवलं. "इथवर तुमचा पाऊस यायचा नाही."

दुसऱ्या पहाटे मामारायिमने सगळा जोर लावून अंगठा दाबला आणि नळी छपराकडे धरली. तिच्या शब्दावर त्याचा अजून भरवसा बसला नव्हता. पाणी पन्हाळीपर्यंतसुद्धा पोचलं नाही. मग तो पायरीवर बसला. सहाला जमिनीतून एकेक तोटी डोकं वर काढू लागली.

पाणी थांबल्यावर त्याने बाराही पियोल्यांत बोट बुडवून बघितलं आणि फोन लावला. "बाराव्या वाटीत कमी आहे. तुझी कोपऱ्यातली तोटी तिरकी बसलीय."

"अमाकी, आम्ही हीच तपासणी प्लास्टिकच्या पेल्यांनी करतो. तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुझ्यावरच्या संशयाने."

एक सप्टेंबरला डॉक्टर सुवोनोव्ह हिरवळीवरून बूट काढून चालले. काही ठिकाणी नव्याने लावलेले तुकडे वेगळे दिसत होते, पण गवत जिवंत होतं. त्यांनी कागदावर सही केली. माळी राहिला, यंत्रही राहिलं. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "जुलैत हे पिवळं पडलं होतं, ते मी खिडकीतून बघत होतो. दोष कुणाचा होता?"

मुहय्योने मामारायिमकडे बघितलं. मामारायिमने मुहय्योकडे.

"पावसाचा," दोघंही म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा लावला आणि संशयाने आभाळाकडे पाहिलं.