शंभर पावलांची परीक्षा

आमचे भावोजी चष्म्यांची भिंगं घासायचे, पण रविवारी टेकडीवर त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हौसेनं उडवायच्या बिनइंजिनाच्या छोट्या विमानासाठी, म्हणजे ग्लायडरसाठी, रिमोट कुठला घ्यायचा, त्याचे हुकूम झेलणारा रिसीव्हर विमानाच्या पोटात कुठला बसवायचा, हे विचारायला लोक त्यांनाच गाठत. ते आधी विमानाचं अंग चाचपत.

"लाकडी असेल तर कुठलाही चालेल. कार्बनच्या अंगातून मात्र रिमोटच्या लहरी आत जात नाहीत. लांब अँटेनाचा रिसीव्हर घ्या, टोकं बाहेर काढा."

मग रिमोटची ताकद कमी करून विमानापासून शंभर पावलं मागे चालायला लावत. तिथून पंखांच्या पट्ट्या हलल्या, तरच उड्डाण. पाठीमागे आम्ही त्यांना 'शंभर पावलं'च म्हणायचो.

टेकडीखाली, विमान उतरण्याच्या जागी ताई लाल झेंडी धरून उभी राहायची, वारा दाखवायला. भावोजी विमान थेट झेंडीवर आणायचे आणि ऐनवेळी वळवून तिच्यापासून दहा पावलांवर टेकवायचे. बारा वर्षं हेच चाललं होतं.

त्या रविवारी त्यांनी नवं ग्लायडर आणलं. काळंभोर, तीन मीटर पंखांचं, सगळं कार्बनचं. नाकाचं झाकण उघडं होतं आणि आत तोच जुना रिसीव्हर, बोटभर अँटेनाचा. संपर्क तुटला की शेवटचा हुकूम धरून बसणारा.

"भावोजी, यात हा?"

"बारा वर्षांत दगा दिला नाही यानं. नवा घेऊन काय दिवे लावायचेत?"

झाकण उघडं ठेवूनच ते शंभर पावलं चालले. पट्ट्या हलल्या. मग त्यांनी झाकण घट्ट बसवलं आणि अँटेना कार्बनच्या आत कोंडली गेली. आता पुन्हा तपासा, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांना शिकवणारा मी कोण? त्या भित्रेपणाची मला आजही चीड येते.

पाच मिनिटं विमान आमच्या डोक्यावरच झकास उडालं. मग भावोजींनी नाक खाली करून ते लांब खाली झेंडीकडे सोडलं. त्यांचा अंगठा वळला. विमान वळलं नाही.

"ऐकत नाहीये," ते पुटपुटले. मग घसा फाडून ओरडले, "बाजूला हो!"

वारा खालून वर येत होता. आवाज आमच्यापाशीच राहिला. मीही ओरडत उतारावरून धावत सुटलो.

ताईनं विमान येताना पाहिलं होतं. तिनं झेंडी आणखी उंच धरली आणि जागची हलली नाही. ते वळवतील, याची तिला खात्री होती.